न धरलेला राग

घोटीपासून मालेगावपर्यंतच्या बैलबाजारांत पुंजाराम दलालाच्या तोंडाकडे बघून कुणाला काही कळलं, असं कधी झालं नाही. विकणारा गळा काढून बोलायचा, घेणारा छातीवर हात ठेवून बोलायचा आणि मध्ये पुंजाराम उभा असायचा, ताकास तूर लागू न देता. खांद्यावरचं उपरणं काढायचं, त्याच्याखाली आधी एकाचा हात धरायचा, मग दुसऱ्याचा. किती बोटं धरली, कशी धरली, त्यावर भाव ठरायचा. भोवती दहा जण उभे असले तरी आकडा उपरण्याच्या बाहेर यायचा नाही. बाहेर असायचा तो पुंजारामचा चेहरा आणि त्यावर वाचण्यासारखं काही नसायचं. बाजारातले लोक म्हणायचे, याच्यापरीस बैलाचं तोंड जास्त बोलतं. पुंजारामला ते ऐकून बरं वाटायचं. या तोंडावरच घर चालतंय, असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

तिथंच घात झाला. पार्किन्सनचा आजार बहुतेकांकडे हाताच्या थरथरीने येतो. पुंजारामकडे तो चेहऱ्यावरून आला आणि दोन-अडीच वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. दुसऱ्या कुणाचं हसणं बंद झालं असतं तर घरच्यांनी चारदा विचारलं असतं, काय होतंय म्हणून. पुंजारामचं हसणं मुळातच सणावारी. त्याची पापणी लवेनाशी झाली, आवाज खाली गेला, नातीने गळ्यात हात टाकले तरी तोंडावरची रेघ हलेना, तर घरचे म्हणाले, म्हाताऱ्याने आता घरातही बाजार मांडलाय. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा कुठे मुलगा भारत त्याला चांदवडहून नाशिकला घेऊन आला. डॉक्टरांनी पाच मिनिटं चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली आणि आजाराचं नाव सांगितलं. भारतला ते नाव धड म्हणता येईना. पुंजारामच्या बायकोने, नवसाबाईने, तर म्हणायचा प्रयत्नच केला नाही.

भारत नाशिकमध्येच अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर होता. मखमलाबाद रोडला त्याच्या दोन खोल्या. आईबापांना त्याने तिथेच ठेवून घेतलं. चांदवडच्या घराला कुलूप लागलं. त्यासाठी भारतच्या मागे सारखी लागली होती ती नवसाबाई. डॉक्टर नाशिकला, गोळ्या नाशिकला, इथे एकटी मी काय करू, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. पण पुंजारामला विचारावं असं कुणाला सुचलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. त्यालाही त्या घरात आता भीती वाटायची, पाय मध्येच जमिनीला चिकटायचे आणि मोरीपर्यंत जाणं म्हणजे घाट चढणं झालं होतं. सुटलो, असंच त्याला टेम्पोत बसताना वाटलं. तोंडावर मात्र ते उमटलं नाही. नवसाबाईने टेम्पोत तीनदा त्याच्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा बघून झाल्यावर मान खाली घातली.

तिने मान का खाली घातली, ते कळायला तीस वर्षं मागे जावं लागतं.

भारत तेव्हा चौथीत होता. वडनेरकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन चांदवडला आला, घरी बांधलेला बैल बघायला. बैल देखणा, चार दाती म्हणजे ऐन तरणा, पांढराशुभ्र, पण त्याला एक खोड होती. नांगराला धरला की तासाभरात बसायचा आणि मग मारून टाकला तरी उठायचा नाही. पुंजारामला ते ठाऊक होतं. नवसाबाईलाही ठाऊक होतं. बाहेर उपरण्याखाली बोटं धरली जात होती आणि आत चुलीपाशी नवसाबाई त्या बाईला चहा देत होती. बाईच्या कडेवर लेकरू होतं आणि पायांत चपला नव्हत्या. नवसाबाईच्या तोंडून निघून गेलं, "बाई, हा बैल घेऊ नगंस. बसतो त्यो."

सौदा मोडला. बाजारभर झालं की पुंजाराम दलालाच्या घरातच फितूर आहे. पुंजारामने तोंडात मिठाची गुळणी धरली ती अकरा महिने. नवसाबाईशी एक अक्षर नाही. "तुझ्या आईला सांग, भाकर वाढ." "तुझ्या आईला सांग, पाणी ठेव." चौथीतलं पोर दोन हातांवरच्या आईबापांमध्ये निरोप्या झालं. अकरा महिन्यांनी नवसाबाईचा बाप वारला, तेव्हा पुंजाराम उंबऱ्यात येऊन म्हणाला, "चल, पोचवतो," आणि बोलणं सुरू झालं. पण त्या बैलाबद्दल पुढे कधी कुणी बोललं नाही.

खरी गोष्ट अशी की पुंजारामचा राग चौथ्या दिवशीच उतरला होता. बायकोने केलं ते बरोबर केलं, हे त्याला रात्री दोनदा कूस बदलेपर्यंत कळलं होतं. पण म्हणायचं कसं? ज्या तोंडाने जन्मभर कबुली दिली नाही, त्याला एकदम कबुली कुठून जमणार! आज म्हणू, उद्या म्हणू करत अकरा महिने गेले, मग तीस वर्षं गेली. सांगायचं राहून गेलं, इतकंच.

आणि आता नवसाबाईसमोर पुन्हा तोच चेहरा होता. तेच न बोलणं, तीच न हलणारी नजर. तिने आपल्या मनाशी जुळवून टाकलं की मी यांना चांदवडमधून उपटून आणलं, म्हणून यांनी पुन्हा धरलंय. भारतला एकदा म्हणाली, "मला म्हाईत हे यांचं. तवाबी असंच तोंड हुतं." मन चिंती ते वैरी न चिंती.

भाग्यश्री सिस्टर या घरी यायला लागली ती साधारण तेव्हाच. मूळची येवल्याची, पस्तिशीची, स्कूटीवरून यायची. ज्या दवाखान्यात पुंजारामचे उपचार चालू होते, तिथून ती अशा आजाऱ्यांच्या घरी दर मंगळवारी फिरायची. नवसाबाईने पहिल्या दिवशी विचारलं, "सुई देनार का?"

"नाही मावशी. बोलणार."

"बोलाया नर्स लागती व्हय?" नवसाबाई म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

भाग्यश्री मात्र कामाची बाई होती. ती पुंजारामच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसायची, नजरेला नजर लावून, आणि घाई करायची नाही. एक प्रश्न विचारून दोन-दोन मिनिटं थांबायची. सगळं घर त्याच्या डोक्यावरून बोलत असताना समोर बसून थांबणारं हे एकच माणूस होतं. तिने त्याला आरसा दिला, गाल फुगवायला लावले, भुवया चढवायला लावल्या. उदास वाटतं का, झोप लागते का, जगणं नको वाटतं का, असं सरळ विचारलं. जगणं नको वाटतं का, याचं उत्तर त्याने तिसऱ्या मंगळवारी दिलं. तिने कान त्याच्या तोंडाशी नेला तेव्हा तिला ऐकू आलं, "तिला वाटतं, मी रागावलोय."

मग तिने हळूहळू सगळं काढून घेतलं. बैल, अकरा महिने, चांदवड. पुंजारामला आता आयुष्यात एवढीच गोष्ट हवी होती की आवाज पुरता जायच्या आत नवसाबाईला कळावं, राग नाही. तेव्हाचाही नव्हता, आत्ताचाही नाही.

भाग्यश्रीने नवसाबाईला बसवून समजावलं. "मावशी, नानांचा चेहरा रुसलेला नाही, चेहरा आजारी आहे. स्नायू आखडतात, म्हणून तो मुखवट्यासारखा दिसतो. आतमध्ये नाना हसतातसुद्धा. राग नाही, असं ते स्वतः म्हणाले मला."

"आसंल," नवसाबाई म्हणाली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"नाना, राग आहे का मावशींवर? नसेल तर माझा हात दाबा." पुंजारामने दाबला.

"हात तर सारखाच हलतो त्यांचा," नवसाबाई म्हणाली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तर तिने ते पदराने पुसलं. पापणी लवत नाही म्हणून डोळ्यांतून सारखंच पाणी येतं, हे डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं. डॉक्टरांचं तेवढं मात्र तिला पटलं होतं.

भारतच्या डोक्यात मालेगावच्या सलाउद्दीनचा विचार आला. सलाउद्दीन म्हणजे पुंजारामचा धंद्यातला जोडीदार. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांची बोटं धरली होती. तो एका रविवारी एसटीने आला, पुंजारामकडे बघून हबकला, पण लगेच सावरून म्हणाला, "पुंजाभाऊ, क्या यार, वजन उतरवलंस तू." मग त्याने भारतकडून टॉवेल मागून घेतला.

"भाभी, तुम्ही इथं समोर बसा. पुंजाभाऊ, ऐक. राग असंल तर एक बोट धर. नसंल तर पूर्ण पंजा. बास."

नवसाबाई समोर बसली, हात मांडीवर घट्ट धरून. टॉवेलखाली दोन म्हाताऱ्यांचे हात गेले. पुंजारामने पंजा धरायला घेतला आणि याच वेळी थरथरीने जोर केला. मनावर ताण आला की ती वाढते, आणि याहून मोठा ताण त्याच्या आयुष्यात कधी आला नव्हता. टॉवेल नुसता उडत होता. सलाउद्दीनचं कपाळ घामाने भिजलं.

"एक... नाय, थांब. पंजा... दोन बोटं. पुंजाभाऊ, हात ठेव ना रे स्थिर. परत एक."

पाच मिनिटं तसं चाललं. मग सलाउद्दीनने टॉवेल काढला आणि नवसाबाईकडे न बघता म्हणाला, "भाभी, नाही कळत मला."

उपरण्याखालचा आकडा त्याने जन्मात कधी खोटा सांगितला नव्हता, तो आजही सांगितला नाही. लेका, आजच्या दिवस खोटं बोलायचं होतंस, असं पुंजाराम मनात ओरडला. सलाउद्दीन जाताना दाराबाहेर चपला घालत बराच वेळ उभा राहिला. त्याने नाक पुसलेलं भारतला दिसलं.

आता एकच वाट उरली. सकाळी नऊची गोळी रिकाम्या पोटी घेतली की दहाच्या सुमाराला पुंजारामला थोडी सुटका मिळायची. हात जरा निवायचा, आवाज थोडा वर यायचा. पहिल्या वर्षी हा वेळ दोन तासांचा होता, आता वीस मिनिटांवर आला होता. भाग्यश्रीने तीन मंगळवार त्याची तयारी करून घेतली. मोठा श्वास, जबडा खाली आणि मग एकेक शब्द. "राग. नाय. तवाचा. बी. नाय." चौथ्या मंगळवारी नवसाबाईला समोर बसवायचं ठरलं. भाग्यश्रीने तिला पुन्हा बजावलं, "गोळीच्या आधी आणि नंतर अर्धा-पाऊण तास काही देऊ नका. दूध, डाळ तर मुळीच नको. गोळी लागू पडत नाही मग."

"ठावं हाय मला," नवसाबाई म्हणाली. आणि तिला ते ठाऊक होतं. दोन वर्षं घड्याळ बघून गोळ्या तीच देत होती, एकदाही चुकली नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी भारत कामावर गेल्यावर ती वाटी घेऊन आली. वाटीत खरवस होता. शेजारच्या गवळ्याची गाय व्यायली होती, त्याच्याकडून चीक आणून, गूळ-वेलदोडा घालून तिने तो पहाटे केला होता. पुंजारामला खरवस म्हणजे जीव की प्राण. तिने आधी गोळी दिली आणि लगेच पहिला चमचा त्याच्या तोंडाला लावला. त्याने तिच्याकडे बघितलं. तोंड फिरवावं एवढं त्याला वाटलं, पण मान वळायलाच वेळ लागायचा आणि तोवर दुसरा चमचा यायचा. वाटी संपली. ती त्याच्या डोळ्यांत बघत नव्हती.

दहा वाजता भाग्यश्री आली. साडेदहा झाले, अकरा झाले. जबडा हलला नाही. तोंडातून आली ती फक्त लाळ.

"मावशी, सकाळी काही दिलं होतं का?"

"खरवस. आवडतो त्यांना." नवसाबाई मोरीकडे बघत म्हणाली. "इसरलेच मी, सिस्टर."

पुंजारामने चाळीस वर्षं खोड लपवणाऱ्यांची तोंडं वाचली होती. नवसाबाई विसरली नव्हती, हे त्याने ओळखलं. तो तोंड उघडून रागच बोलेल, याची तिला भीती वाटत होती. तीस वर्षं जे तिने उशाशी घेतलं होतं, ते सिस्टरसमोर, भर दिवसा, नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिने आवडीचं खाऊ घालून त्याचं तोंड बंद केलं होतं, आणि तरीसुद्धा त्याला तिचा राग आला नाही. आतून नुसतं भडभडून आलं. बाहेर काहीच दिसलं नाही.

त्यानंतर गोळी वाढवावी लागली, आणि तरीही वेळ कमीच होत गेला. भाग्यश्री आता कधीकधी मध्येच दहा मिनिटं डोकावून जायची. अशाच एका गुरुवारी नवसाबाई भाजी आणायला गेली होती आणि भाग्यश्री आली. पुंजारामचे डोळे तिला जरा वेगळे वाटले. तिने पिशवी तशीच खाली टाकली आणि त्याच्या तोंडाशी कान लावला.

"राग नाय," तो म्हणाला. मग श्वास घेतला. "तवाबी. नव्हता. तीच. बरोबर. हुती. सांगा. तिला."

भाग्यश्रीने घाईघाईने मोबाईल काढला आणि पुन्हा बोलायला सांगितलं. तो पुन्हा बोललाही. पण ऐकून बघितलं तर त्यात पंख्याची घरघर होती आणि त्या घरघरीखाली कसलंतरी गुळगुळ, पाणी उकळल्यासारखं. तिचा कान त्याच्या ओठांना टेकला होता म्हणून तिला कळलं होतं, एवढंच. तिसऱ्यांदा तो बोलायला गेला तेव्हा जबडा हललाच नाही.

नवसाबाई पिशवी घेऊन आत आली. भाग्यश्रीने तिचे दोन्ही हात धरले. "मावशी, नाना बोलले. आत्ता. म्हणाले राग नाही, तेव्हाही नव्हता. तुम्हीच बरोबर होतात, म्हणाले."

 नवसाबाईने आपले हात हळूच सोडवून घेतले आणि पिशवीतली मेथी बाहेर काढून ठेवली.

"सिस्टर, तुमी लय चांगल्या हात," ती म्हणाली. "गेल्या म्हैन्यात तुमी मला म्हनलात, नानांनी शिऱ्याचं कौतुक केलं. मला त्या दिवशी लय बरं वाटलं. पर सिस्टर, त्यांनी शिरा तोंडात घेतलाच नव्हता. तुमी आल्या तवा मी त्यो कुत्र्याला घालून आले हुते."

भाग्यश्रीचा चेहरा उतरला. ती खरंच तसं म्हणाली होती. त्या दिवशी नवसाबाई इतकी खचून बसली होती की तिच्या मनाला जरा उभारी यावी म्हणून एक गोड वाक्य तिने बोलून टाकलं होतं. दिवसभरात सहा घरं व्हायची, सहाही घरांत असं एखादं वाक्य बोलावं लागायचं.

"मावशी, ते चुकलं माझं. पण हे खरंय. शपथ घेते."

"शपथ नगा घिऊ. मी दलालाच्या घरात जन्म काढलाय. मधला मानूस दोन्हीकडं गोडच बोलतो, त्याबिगर सौदा व्हतो का?" नवसाबाईच्या बोलण्यात टोचणी नव्हती. उलट ती सिस्टरचीच समजूत घालत होती. "आमच्या दोघांचं जुळावं म्हनून तुमी झटता, ते दिसतं मला. बसा, चा टाकते."

हे सगळं पुंजारामच्या खाटेपासून दोन हातांवर चाललं होतं. तो ऐकत होता. त्याला ओरडायचं होतं, बाई खरं सांगतेय गं, एवढं एक तरी खरं धर. भाग्यश्रीने वळून त्याच्याकडे बघितलं, तेव्हा चाळीस वर्षं बाजारात उभा केलेला तोच चेहरा तिला दिसला. चहा न घेताच ती निघाली. स्कूटी सुरू व्हायला बराच वेळ लागला, हे आत ऐकू आलं.

दुपारी नवसाबाईने भात दुधात कालवून मऊ केला आणि स्टूल ओढून खाटेपाशी बसली. त्याच्या गळ्याभोवती फडकं बांधलं. चमचा भरला.

"सिस्टर बिचारी," ती म्हणाली. "तिच्यावर नगा चिडू. माझ्यावर बी आसू द्या तुमचा राग, मी कुठं सोडा म्हनते? माझं काय, सवय हे मला. पर दोन घास खा."

पुंजारामला तो घास हवा होता. नुसता घास नव्हे, तिच्या हातून घेतलेला घास तिला दिसायला हवा होता. बोलता येत नाही, हात दाबता येत नाही, पण तोंड उघडून तिच्याकडून घास घेतला, एवढं तरी तिला कळेलच की. त्याने तोंड उघडायला सुरुवात केली. ओठ सुटायला वेळ लागत होता. दात वेगळे व्हायला त्याहून जास्त लागणार होता. नवसाबाईने चमचा त्याच्या ओठांपाशी धरला, हात अवघडला तरी धरला. मिटलेल्या तोंडाकडे ती बघत राहिली.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "नगं तर नगं."

तिने चमचा ताटलीत ठेवला, त्याच्या गळ्याभोवतीचं फडकं सोडलं आणि ताटली घेऊन मोरीकडे गेली. ती तिकडे पाठमोरी उभी राहून नळ सोडत होती, तेव्हा पुंजारामचं तोंड उघडलं.